बुडत्या कारखान्याला सरकारनं टेकू द्यावा का? (बेळगावच्या उद्यमबागेतून, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतून, एक प्रश्न)

पॅटर्नवाला

मंडळी, नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. माझं पॅटर्नचं शॉप, म्हणजे फौंड्रीत लोखंड ओतायच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करतो. शॉपमध्ये काम कमी असलं की डोकं नको तिकडं जातं.

परवा तिसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या टपरीवर नेहमीचा वाद पेटला. एका फौंड्रीचे मॅनेजर, आमचं जुनं गिऱ्हाईक, म्हणाले की ऑर्डरी घटल्यात, भट्टी आठवड्यातून चारच दिवस लागते, सरकारनं आता पॅकेज काढल्याशिवाय गत्यंतर नाही. मी म्हटलं, कशाला? तर सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी चहाचे पैसे बुडवून पळालोय.

पण खरंच, कशाला? वडिलांच्या काळापासून बघतोय, उद्यमबागेत किती फौंड्र्या बंद पडल्या. शेड रिकामी राहिली नाही. वर्ष-दोन वर्षांत दुसरा कोणीतरी येतो, मशीनिंग टाकतो, नाहीतर हायड्रॉलिकचं काम सुरू करतो. मोल्डर तेच, क्रेन तीच, पाटी नवी. मालक बुडतो, लोखंड बुडत नाही. जो चुकला त्याला चुकीची किंमत मोजू द्या. नाहीतर मी रात्री जागून, रिजेक्शन कमी करून, उधारी वसूल करून धंदा टिकवला त्याचा काय उपयोग? माझ्या करातून शेजाऱ्याचं कर्ज फिटणार!

हे बोलणारा राजकारणी आपल्याकडं दिसत नाही म्हणून बाहेर शोधला. सापडले अमेरिकेतल्या अलाबामाचे माजी सिनेटर रिचर्ड शेल्बी. २००८ साली सिनेटच्या बँकिंग समितीत रिपब्लिकन पक्षाचे सगळ्यात वरचे सदस्य. त्या साली बँकांसाठी ७०० अब्ज डॉलरची योजना आली, तर हे स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्षाच्या विरोधात. नोव्हेंबरात मोटार कंपन्यांची पाळी आली. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लरचे साहेब वॉशिंग्टनला मदत मागायला आले ते खासगी विमानांनी! झोळी घेऊन आले, तीही विमानानं. शेल्बींनी या कंपन्यांना डायनोसॉर म्हटलं आणि सरळ सांगितलं की पैसा देऊन मरण फक्त पुढं ढकललं जाईल. खालच्या सभागृहानं मदतीचं विधेयक २३७ विरुद्ध १७० मतांनी मंजूर केलं होतं. ११ डिसेंबरला सिनेटमध्ये ते अडकलं. ६० मतं लागत होती, पडली ५२.

तर प्रश्न असा: साखर कारखान्याला नाही, सूतगिरणीला नाही, फौंड्रीला नाही, कुणालाच पॅकेज नाही, असं म्हणणारा एखादा आपल्या भागात उभा राहिला तर मत द्याल का? सीमाप्रश्न आणि भाषा इथं आणू नका. त्याचे वेगळे धागे आहेत, आणि तिथंही काही निष्पन्न होत नाही.

तिरपागडा

पहिला! त्याचं डिपॉझिट जप्त झालं तर ते कुठल्या पॅकेजमधून भरायचं, तेवढं सांगा.

ऊसवाला_रायबाग

पॅटर्नवाले, तुमचं बरं आहे. लोखंड शेडात पडलं तर गंजतंय, खरं वाळत नाही. ऊस तोडून ट्रॉलीत चार दिवस कारखान्याच्या गेटावर थांबला की वजन माझं जातंय. काटा कारखान्याचा, उतारा (उसातनं साखर किती निघाली ते) कारखान्याचा, तोडीची तारीख कारखान्याची. त्यो बुडाला तर "नवीन मालक येतोय" म्हणून बारा-चौदा महिन्याचं पीक उभं ठेवू काय मी? तुरा येतोय की त्याला.

एका कारखान्यानं (नाव घेत नाही, गावात राहायचं आहे) आमचं बिल दीड वर्ष अडकवलं होतं. कायद्यात १४ दिवस लिहिलंय, उशीर झाला तर १५ टक्के व्याज लिहिलंय. व्याजाचा एक रुपया बघितला नाही. बहिणीचं लग्न सोसायटीच्या कर्जावर केलं, दुकानदाराकडं खताची उधारी, आणि ज्याच्याकडं पैसे येणं होते त्याच्याच शेती अधिकाऱ्याला पुढच्या हंगामात लवकर टोळी पाठव म्हणून हात जोडायचे. मग २०१४ च्या सुमाराला केंद्रानं कारखान्यांसाठी ६,६०० कोटींच्या बिनव्याजी कर्जाची योजना काढली, अट एकच, उसाची थकबाकी भागवायची. आमची बिलं त्यानंतर निघाली. आता हे पॅकेज कुणाचं? कारखान्याचं का माझं?

पॅटर्नवाला

मुद्दा मान्य. पण मग ते पैसे थेट तुमच्या खात्यावर द्यायचे. कारखाना वाचवायची काय गरज?

ऊसवाला_रायबाग

थेट दिल्यावर तुम्हीच म्हणणार, शेतकऱ्याला फुकटची सवय लागली. कारखान्याला दिलं की "उद्योगाला चालना".

निवृत्त_बँकर

टिळकवाडीतल्या एका खोलीत बसून ३४ वर्षांच्या नोकरीचं पाप आठवतोय, म्हणून थोडं लांबण.

शेल्बींच्या आधीचं एक प्रकरण आहे. १९७९ साली हीच क्रायस्लर बुडत होती. सरकारनं रोख दिली नाही, हमी दिली, दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला. त्या बदल्यात कामगारांनी पगार सोडले, बँकांनी व्याज सोडलं, पुरवठादारांनी थांबायचं कबूल केलं, आणि सरकारनं कंपनीचे शेअर ठरलेल्या भावानं घ्यायचा हक्क स्वतःकडं ठेवला. १९८३ मध्ये कंपनीनं कर्ज मुदतीआधी फेडलं आणि तिजोरीला वर नफा झाला.

आता आपल्याकडची थकहमी बघा. शब्द तोच, हमी. पण पलीकडं महाराष्ट्रात सहकारी कारखान्याला सरकारची हमी मिळाली की संचालक मंडळ तेच राहतं, चेअरमन तोच राहतो, आणि हप्ता थकला की सरकार भरेल हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. आमच्या धंद्यात याला नवं-जुनं म्हणतात. मार्चएंडला जुनं कर्ज नव्या कर्जातून फेडायचं, खातं कागदावर निरोगी, प्रत्यक्षात एक रुपया आला नाही. मी स्वतः अशा फायलींवर सह्या केल्यात. नोटिंग असं लिहायचं की वाचणाऱ्याला कारखान्याला पुढच्या हंगामात सोन्याचा ऊस मिळणार आहे असं वाटावं.

तेव्हा माझं मत असं की टेकू द्यायचा का, हा प्रश्न दुय्यम. टेकू देताना खुर्चीवरून कोण उठलं, हे आधी विचारायचं. आपल्याकडं कोणीच उठत नाही.

आणखी एक. पॅकेज दर वेळी तिजोरीतूनच जातं असं नाही. जून २०१८ मध्ये साखरेचा किमान विक्री दर किलोला २९ रुपये बांधला, फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ केला. त्याखाली कारखान्यानं साखर विकायची नाही. हा टेकू बजेटमध्ये कुठं दिसणार नाही. तो तुमच्या त्या टपरीवरच्या कपात आहे.

तिरपागडा

म्हणून मी बिनसाखरेचा घेतो. आर्थिक शिस्त!

मिशिगनकर

मूळचा शहापूरचा, इथं येऊन वीस-एक वर्षं झाली. २००८ मध्ये मी गाड्यांच्या ब्रेकचे पार्ट करणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो, म्हणून राहवलं नाही.

पॅटर्नवाले, तुमच्या शेल्बींची दुसरी बाजू. त्यांच्या अलाबामात जनरल मोटर्सचे कारखाने नव्हते, पण मर्सिडीज, होंडा आणि ह्युंदाईचे होते. १९९३ साली मर्सिडीजनं टस्कलूसाजवळ कारखाना टाकावा म्हणून अलाबामा राज्यानं २५ कोटी डॉलरच्या वर सवलती दिल्या होत्या. तेव्हा तो "विकास" होता. पंधरा वर्षांनी डेट्रॉईटनं, म्हणजे या तीन मोटार कंपन्यांनी, हात पसरला तेव्हा तो "बाजारात ढवळाढवळ" झाला. शिवाय हेच शेल्बी आपल्या राज्यात केंद्राचा निधी खेचून आणण्यात वस्ताद. तिथल्या विद्यापीठांच्या इमारतींवर त्यांचं नाव आहे. त्या काही शेल्बींनी घरातून बांधल्या नाहीत.

उलटं उदाहरण पॉल रायन. विस्कॉन्सिनचे, काटकसरीचे मोठे पुरस्कर्ते, सरकारी खर्चाच्या नावानं बोटं मोडणारे. पण त्यांच्या गावात, जेन्सव्हिलमध्ये, जनरल मोटर्सचा कारखाना होता. डिसेंबर २००८ मध्ये त्यांनी मोटार कंपन्यांच्या मदतीच्या बाजूनं मत दिलं. त्याच महिन्यात २३ तारखेला तिथल्या लाइनवरून शेवटची मोठी गाडी उतरली. म्हणजे तत्त्वही गेलं आणि कारखानाही.

आणि एक रॉन पॉल. टेक्सासचे. यांनी कुठल्याच बेलआउटला, म्हणजे सरकारी टेकूला, हो म्हटलं नाही. पण अर्थसंकल्पी विधेयकात आपल्या मतदारसंघाची कामं घालायचे आणि मग त्या विधेयकाच्या विरोधात मत द्यायचे. विधेयक मंजूर होणार हे ठाऊकच असायचं.

तिरपागडा

म्हणजे पंगतीत पान मांडून घ्यायचं, पोटभर जेवायचं, आणि उठताना वाढप्याला सांगायचं की मी जेवणावळीच्या विरोधात आहे. असे आपल्याकडं प्रत्येक वॉर्डात चार सापडतील. आयात नको.

मिशिगनकर

हाहा. पुढचं ऐका, ते फौंड्रीवाल्यांसाठी जास्त महत्त्वाचं आहे.

साहेब लोक विमानानं आले त्या सुनावणीत फोर्डचे प्रमुखही होते. फोर्डनं शेवटी बेलआउटचा पैसा घेतला नाही, तरी दुसऱ्या दोघांना वाचवा म्हणून ते सांगत होते. धंद्यातला शत्रू बुडत असताना कोण असं बोलेल? कारण पुरवठादार तेच. जी फौंड्री जनरल मोटर्सला इंजिनाचे ब्लॉक ओतून देते तीच फोर्डला. निम्मी ऑर्डर बंद झाली की तिची भट्टी विझते, आणि महिन्याभरात फोर्डची लाइनही थांबते. आमच्या कंपनीत त्या हिवाळ्यात काय झालं सांगतो. शुक्रवारी दुपारी एचआरची बाई हातात पिवळी पाकिटं घेऊन हिंडायची. ती कुणाच्या टेबलाजवळ थांबते तिकडं सगळे न बघितल्यासारखं करून बघायचे. माझ्या टेबलाशी थांबली आणि म्हणाली, "तुझ्या मागच्याचं आहे, तो कुठाय?" त्या क्षणी मला झालेला आनंद मी अजून कुणाला सांगितला नव्हता.

सिनेटनं अडवल्यावर अध्यक्ष बुश यांनी बँकांच्याच निधीतून १७.४ अब्ज डॉलर मोटार कंपन्यांकडं वळवले. मार्च २००९ मध्ये पुरवठादारांसाठी ५ अब्जांची वेगळी सोय झाली. आमची कंपनी त्यामुळं तगली असं मी ठामपणे म्हणू शकत नाही, पण तगली. जनरल मोटर्सचं दिवाळं १ जून २००९ ला निघालंच, कोर्टामार्फत, सरकारी पैशाच्या गादीवर. सरकारनं घातलेल्या जवळपास ५० अब्जांतले १० अब्जांहून जास्त परत आले नाहीत. महाग होतं का? होतं. आणि त्यातही डेल्फाय नावाच्या पार्ट्सच्या कंपनीत युनियनवाल्यांची पेन्शन भरून दिली गेली, त्याच कंपनीतल्या पगारी इंजिनिअरांची कापली गेली. एकाच शेडखाली. टेकू कुठल्या खांबाला लावायचा हे ठरवणारा कुणीतरी असतो, आणि तो तुमच्या बाजूचा असेलच असं नाही.

निपाणीकर

"हे बोलणारा राजकारणी आपल्याकडं दिसत नाही" हे वाक्य वाचून हसावं की रडावं कळेना. अहो, तुमच्यापासून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर, निपाणीत, १९८१ साली शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी तंबाखूवाल्या शेतकऱ्यांना घेऊन पुणे-बंगळूर रस्ता अडवला होता. आमचे आजोबा होते त्यात. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं मेली. आणि मागणी काय होती? सबसिडी नव्हे. भीक नको, हवे घामाचे दाम! जोशींचं म्हणणंच असं की सरकार एका हातानं निर्यातबंदी करून, लेव्ही (सक्तीची सरकारी खरेदी) लावून शेतकऱ्याचा भाव पाडतं आणि दुसऱ्या हातानं खताच्या सवलतीचा तुकडा टाकतं. दोन्ही हात काढा म्हणायचे. पुढं जागतिक व्यापार खुला करायच्या डंकेल प्रस्तावाला सगळे डावे-उजवे शिव्या घालत असताना हा माणूस खुल्या बाजाराच्या बाजूनं उभा राहिला. १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्षही काढला.

त्याआधी राजाजी, म्हणजे सी. राजगोपालाचारी. १९५९ चा स्वतंत्र पक्ष, परमिट-लायसन्स राज हा शब्द त्यांचाच. १९६७ ला लोकसभेत ४४ जागा होत्या, १९७४ ला पक्ष विसर्जित. माणसं होती हो. सभेला गर्दी करायची आणि मत दुसरीकडं टाकायचं, हे आपलं.

ऊसवाला_रायबाग

निपाणीकर, खरं बोललात. जोशी साहेबांचा बिल्ला अजून आहे आमच्या घरात. खरं त्यांनीच कर्जमुक्ती पण मागितली होती की. त्याला काय म्हणायचं?

निपाणीकर

ते म्हणायचे की भाव पाडून सरकारनंच जे लुटलं तेच परत मागतोय, म्हणून माफी नव्हे, मुक्ती. मला हा युक्तिवाद पटतो. पण प्रत्येक बुडणारा हेच म्हणेल की सरकारमुळं बुडालो, हेही तितकंच खरं.

खासबागकरीण

मी एरवी फक्त वाचते. पण "मालक बुडतो, लोखंड बुडत नाही" हे तीनदा वाचलं आणि लिहायला बसले.

आमचे सहा यंत्रमाग होते. घराच्या पुढच्या खोलीत, म्हणजे झोपायला जागा नव्हती पण माग होते. खटाखट आवाजात माझी दोन्ही मुलं झोपायला शिकली. आवाज बंद झाला की जागी व्हायची. ऑगस्ट २०१९ च्या पावसात घरात पाणी आलं, दोन बीम (ताण्याचं सूत गुंडाळायचे रूळ) सुतासकट कुजले. ते सावरतोय तोवर लॉकडाऊन. तयार साड्यांचे गठ्ठे कॉटखाली, व्यापारी फोन उचलत नाही, सूतवाला मात्र रोज दारात. आपल्या राज्यात त्या साली विणकरांसाठी मदत जाहीर झाली, हातमागवाल्यांना वर्षाला २,००० रुपये. आमचे यंत्रमाग, त्यामुळं त्यातही बसलो नाही. २,००० मध्ये काय होतं ते विचारूच नका, ताण्याच्या सुताचं एक पोतंही येत नाही.

चार माग भंगारात विकले. किलोवर. मामंजी टेम्पोत घालताना बघायला बाहेर आले नाहीत, आत बसून कांड्या मोजत होते, ज्या आता लागणार नव्हत्या. भंगारवाल्याला विचारलं, कुठं जाणार? म्हणाला, उद्यमबागेत, फौंड्रीत वितळवायला. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, चांगला भाव आहे.

तेव्हा पॅटर्नवाले, तुमचं वाक्य अगदी बरोबर आहे. लोखंड बुडालं नाही.

तिरपागडा

यावर काही पांचट लिहिणार नाही. ताई, दंडवत.

निवृत्त_बँकर

ताईंनी लिहिल्यावर आकडे लिहायला संकोच वाटतो. तरी धागालेखकांना एक साधा प्रश्न. २०२० मध्ये सरकारनं छोट्या उद्योगांसाठी ३ लाख कोटींची हमी काढली होती. शिल्लक कर्जाच्या २० टक्के जादा कर्ज, नवं तारण नाही, पहिलं वर्ष नुसतं व्याज. आमच्या जुन्या शाखेनं उद्यमबागेत घरोघर फोन केले होते. तुम्ही घेतलं होतं?

पॅटर्नवाला

दोन दिवस धाग्याकडं फिरकलो नाही, कारण हाच प्रश्न येणार हे माहीत होतं.

घेतलं. जुलै २०२०. शॉपमध्ये पाच माणसं, लेथवरचा एक आणि बाकी लाकूडकामाचे. दोन महिने निम्मा पगार दिला, तिसऱ्या महिन्याला तोही नव्हता. मॅनेजरचा फोन आला, "सर, कागद काही नकोत, एसएमएसवर हो म्हणा." हो म्हटलं. शेवटचा हप्ता २०२४ च्या जुलैत गेला. एकही चुकवला नाही, हे सांगायची गरज नाही पण सांगतो.

टपरीवर बोलताना मला ते पॅकेज वाटतच नव्हतं. माझं ते कर्ज आणि दुसऱ्याचं ते पॅकेज. बँकरसाहेबांच्या क्रायस्लरसारखंच की. फरक एवढाच, माझ्याकडं सरकारनं शेअर मागितले नाहीत आणि खुर्चीवरून मलाही कुणी उठवलं नाही.

ताई, तुम्हाला काय लिहू. ते वाक्य आता परत लिहिणार नाही.

तरी शेल्बींबद्दलचं मत थोडं शिल्लक आहे. माणूस ढोंगी असला म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. आमच्या धंद्यात ओतीव लोखंड थंड होताना आकसतं, साधारण शंभराला एक. म्हणून पॅटर्नची मोजपट्टीच वेगळी असते, नेहमीपेक्षा जराशी लांब. राजकारण्याचं तत्त्वही तसंच धरावं, मतदारसंघात येईपर्यंत किती आकसेल ते आधी मोजून. शेल्बींचं शंभराला चाळीस आकसलं असेल, पण साठ उरतंच. आपल्याकडं मोजायलाच काही नाही.

निपाणीकर

हे बाकी आवडलं. मग नोव्हेंबर २०२५ चं मोजा. आपल्याच जिल्ह्यात गुर्लापूर क्रॉसवर ऊसवाले बसले होते, मागणी टनाला ३,५००. मिटलं ३,३०० वर, त्यात ५० रुपये कारखान्यांनी वाढवले आणि ५० सरकारनं घातले. हे सरकारचे ५० कुणाला दिले? शेतकऱ्याला, की कारखान्याला द्यावे लागले असते ते वाचवले?

ऊसवाला_रायबाग

मी बसलो होतो तिथं तीन दिवस. तुमचा प्रश्न तिथं कुणी विचारला असता तर उसानं हाणला असता. खरं घरी आल्यावर मलाच पडला. पलीकडं कोल्हापूरवाले कारखाने जास्त देतात, त्यांचा उतारा बरा म्हणतात. उतारा मोजतंय कोण? कारखानाच. मला ५० नकोत, काटा आणि उतारा बाहेरच्या माणसाकडनं मोजून द्या. ते फुकटात होतंय, म्हणून कोण करत नाही.

निवृत्त_बँकर

पूर्ण धाग्यातली सर्वांत स्वस्त सूचना. बजेटमध्ये कधीच येणार नाही.

पॅटर्नवाला

मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. असा माणूस उभा राहिला तर मत द्याल का?

ऊसवाला_रायबाग

त्याला पहिली सभा गुर्लापूर क्रॉसला घ्यायला सांगा. हंगाम चालू असताना. मी पुढं बसतो.

मिशिगनकर

मला मत नाही, पण लिंक असेल तर बघीन.

खासबागकरीण

मी देईन कदाचित. त्यानं आधी येऊन आमची पुढची खोली बघावी, आता तिथं कॉट आहे.

अवांतर: राहिलेल्या दोन मागांपैकी एकाच्या बिडाच्या चाकाचे दात तुटलेत. तो पार्ट आता बाजारात मिळत नाही. पॅटर्नवाले, एकच नग असेल तर करून मिळतो का?

पॅटर्नवाला

मिळतो. मोडका तुकडा आणि शेजारचं चांगलं चाक, दोन्ही घेऊन या, फोटोवरून दात मोजता येत नाहीत. सागवानात करतो. ओतायला त्या टपरीवरच्या मॅनेजरांनाच सांगतो, भट्टी गुरुवारी लागते.

बिल मात्र लावणार, ताई.